पट्टीखालचं बोलणं

“काका, पट्टी जरा जास्तच उंच होतेय का?” एडिटरनं खुर्ची अर्धी वळवून विचारलं.

“होतेय, कारण वाक्यं लांब आहेत,” पट्टीवाले पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “शाळेच्या मोठ्या बाईंनी एकेकाच्या तोंडी अख्खं भाषण घातलंय. तीन ओळी मावायला नकोत?”

“ते खरं. पण खाली त्यांचे हात...”

“अगं, हातांकडे कोण बघतंय? माणूस चेहरा बघतो आणि पट्टी वाचतो. चेहऱ्याला कुठं धक्का लागलाय? मग झालं तर!”

एडिटरनं ‘बरं’ म्हणून हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. ती स्टुडिओत नवी होती, आणि पट्टीवाल्यांशी पट्टीवरून वाद घालायचा नसतो हे तिला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

त्यांना खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. एरवी सगळे त्यांना पट्टीवालेच म्हणत. पडद्यावर बोलणाऱ्या माणसाच्या खाली जी रंगीत पट्टी सरकत येते, त्याचं नाव सांगते, तो काय म्हणतोय ते लिहून दाखवते आणि आल्या वाटेनं निघून जाते, ती करण्यात या गृहस्थांचा जन्म गेला होता. आधी एका वृत्तवाहिनीत, आणि तिथून नारळ मिळाल्यावर या दोन खोल्यांच्या स्टुडिओत. इथे कंपन्यांच्या, शाळांच्या, लग्नांच्या फिल्म होत. चित्रं कापायची आणि जोडायची ती एडिटरनं. अक्षरं आणि अक्षरांची हालचाल पट्टीवाल्यांची. टीव्ही जाडजूड डबे होते तेव्हा पडद्याच्या कडा अक्षरं गिळून टाकायच्या. एचडी आलं, पडदे रुंद झाले, आणि अक्षराची फाटकी कडासुद्धा दिसायला लागली. तेव्हा भलेभले गांगरले. पट्टीवाल्यांनी मात्र सगळं नव्यानं शिकून घेतलं होतं आणि त्याची टिमकी वाजवायची एकही संधी ते सोडत नसत.

पट्टी तयार होते ती एकटीच. तिच्या मागे चित्र नसतं, करड्या-पांढऱ्या चौकड्या असतात. चौकड्या म्हणजे इथे काहीही नाही, इथून मागचं दिसू द्यायचं. ही पारदर्शक पाठीची पट्टी एक्स्पोर्ट करून एडिटरच्या हवाली करायची आणि तिनं ती चित्रावर बसवायची. जागेचा अंदाज यावा म्हणून पट्टीवाले प्रत्येक फिल्ममधलं एक स्थिर चित्र मागून घेत. या वेळी त्यांनी निवडलं होतं ताईचं, मुलाखत सुरू होण्याच्या अगदी आधीच्या क्षणाचं. चेहरा उजळलेला, ओठांवर थोडं हसू, हात मांडीवर. त्या एका चित्रावर त्यांनी साऱ्या फिल्मच्या पट्ट्या मापून बसवल्या.

ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. जन्मतःच ऐकू न येणारी. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिवणकाम शिकवत तिची सगळी नोकरी झाली होती आणि आता ती निवृत्त होत होती. तिच्या निरोपसमारंभासाठी शाळेला फिल्म हवी होती. ‘आमच्या ताईची फिल्म दुसरा कुणी कसा करेल?’ असं म्हणून पट्टीवाल्यांनी ती ओढून आणली होती. ताईच्या जुन्या विद्यार्थिनी, शाळेतली मुलं, शेवटी खुद्द ताई, असे सगळे कॅमेऱ्यासमोर बसून आपापल्या हातांनी बोलले होते. शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, कॅमेऱ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांना ऐकू येत असे, हातांची भाषाही बऱ्यापैकी येत असे, आणि अलंकारिक लिहिण्याची भारी हौस होती. कोण काय म्हणालं त्याचा सारांश त्यांनी आपल्या ठेवणीतल्या शब्दांत उतरवून दिला होता. तोच आता पट्ट्यांवर चढत होता.

त्यातलं एक वाक्य पट्टीवाल्यांच्या काळजात जाऊन बसलं होतं. ताईच्या मुलाखतीच्या शेवटी ते येत होतं. ‘माझा धाकटा भाऊ हा माझ्या आयुष्याचा भक्कम आधार आहे.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग त्या पट्टीला त्यांनी सोनेरी कड दिली, कडेवरून डावीकडून उजवीकडे सरकत जाणारी चकाकी दिली, आणि बाकीच्या पट्ट्यांपेक्षा जरा जास्त वेळ ती पडद्यावर राहील अशी सोय केली. घरी जाऊन ती फोनवर बायकोला दाखवली. जेवण झाल्यावर पुन्हा दाखवली.

“वाचलं मी,” बायको म्हणाली. “आणि हो, कसला हो आधार दिलात तुम्ही तिला? वर्षातून चार वेळा जाता, चहा पिता आणि घड्याळ बघत निघता.”

“वाक्य माझं नाहीये. तिचं आहे.”

“तेच म्हणतेय मी. तिचं मन मोठं आहे.”

पट्टीवाल्यांनी फोन खिशात टाकला. असल्या टोमण्यांनी त्या दिवशी त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

फिल्म पूर्ण तयार होऊन एक्स्पोर्ट झाली तेव्हा त्यांनी ती डोळ्यांत तेल घालून तपासली. वेलांटी, उकार, कडा, पट्टीचं येणं-जाणं, कुठे झटका बसतोय का, कुठे रंग फुटतोय का. एकही चूक सापडली नाही. सगळी फिल्म त्यांनी वाचून काढली होती.

समारंभ दुपारी शाळेच्या सभागृहात होता. पुढच्या दोन रांगांत विश्वस्त, शिक्षक आणि पाहुणे होते. पडद्यासमोरच्या सतरंजीवर लहान मुलं होती. मागे मोठी मुलं, आणि लांबून लांबून आलेल्या जुन्या विद्यार्थिनी, कुणाच्या कडेवर पोर, कुणाबरोबर नवरा. सभागृहात खुर्च्या सरकत होत्या, मधूनच कुणी मनापासून मोठ्यानं हसत होतं, आणि दाराशी उभी असलेली एक बाई पार स्टेजजवळच्या मैत्रिणीशी सगळ्यांच्या डोक्यांवरून हातांनी गप्पा मारत होती. पट्टीवाले बायकोसह दुसऱ्या रांगेत बसले. ताई पहिल्या रांगेत मधोमध, मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन.

दिवे मालवले. काळ्या पडद्यावर एकेक अक्षर धाग्यासारखं उलगडत आलं आणि ताईचं नाव शिवल्यासारखं उमटलं. मागे शेकडो हात वर जाऊन थरथरले.

“टाळ्या आहेत त्या,” बायको कुजबुजली.

“माहितीये मला,” पट्टीवाले म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं.

पहिली मुलाखत एका जुन्या विद्यार्थिनीची होती. ती हसली, हात उचलले, आणि डावीकडून पट्टी झुळकन आली. अक्षरं लख्ख. पट्टीवाले खुर्चीत सैलावले. तेवढ्यात मागे खुर्च्या करकरायला लागल्या. प्रोजेक्टरचं काही बिनसलं की काय म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर मुलं माना लांब करत होती. पुढे कुणी उंच माणूस येऊन बसला की करतात तशा. काही तर उभी राहिली होती. पण त्यांच्या पुढे कुणीच बसलेलं नव्हतं.

सतरंजीवरची एक चिमुरडी उठली आणि सरळ पडद्याशी गेली. तिथे ती ओणवी झाली, मान वाकडी केली आणि पट्टीच्या खालच्या कडेतून वर डोकावून बघायला लागली. बंद दाराच्या फटीतून आत कोण आहे ते बघावं, तशी. एका शिक्षिकेनं लगबगीनं जाऊन तिला परत आणलं.

“कित्ती गोड!” पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

पट्टीवालेही हसले. ते हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्यांची नजर पडद्याकडे वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते पट्टीकडे सोडून पट्टीच्या आसपास बघत होते. पट्टीच्या वर पडद्यावरच्या मुलीचे खांदे हलत होते. दोन्ही बाजूंना कोपर येत-जात होते. मधूनच बोटांची टोकं पट्टीच्या वरच्या कडेवर उसळायची आणि परत बुडायची. ती मुलगी घडाघडा बोलत होती. तिचं सगळं बोलणं त्या पट्टीच्या मागे चाललं होतं, आणि पट्टी होती जाड, उंच, अक्षरं उठून दिसावीत म्हणून मुद्दाम अपारदर्शक ठेवलेली.



आणि मग त्यांना कळलं की हे असं शेवटपर्यंत चालणार आहे. एक माणूस गेला की दुसरा, आणि प्रत्येकाच्या हातांवर त्यांची पट्टी. थांबवावं, उठून प्रोजेक्टर बंद करावा, असं मनात आलं. पण पुढच्या रांगेतले विश्वस्त पट्ट्या वाचत होते, रुमाल डोळ्यांना लावत होते. ज्यांना ऐकू येत होतं ते सगळे गहिवरले होते. ज्यांची ही शाळा होती ते मागे माना ताणून दमले होते आणि हळूहळू खाली बसत होते. पट्टीवाले जागचे उठले नाहीत.

शेवटी ताई आली. अगदी त्यांनी मापाला घेतली होती तशी, हात मांडीवर. मग तिनं हात उचलले आणि पट्टी आली. ती बराच वेळ बोलत होती. भुवया चढत होत्या, गाल फुगत होते, मध्येच ती हसली. शेवटची सोनेरी पट्टी सरकत आली, तिच्या कडेवरून चकाकी धावली. पट्टीवाल्यांना ते वाक्य वाचवेना. जा बाई आता, जा एकदाची, असं ते मनातल्या मनात त्या पट्टीला म्हणत होते. ती जात नव्हती. जास्त वेळ थांबायची सोय त्यांनीच करून ठेवली होती.

पुढे बसलेल्या ताईनं एक हात गुच्छावरून थोडासा उचलला, जणू पडद्यावरच्या स्वतःला काही सांगायचं होतं, आणि परत ठेवून दिला.

दिवे लागले. पुढे कडाडून टाळ्या झाल्या. मागे थोडे हात वर गेले, पाहुण्यांचा मान राखायला जावेत तसे.

“काय स्वच्छ अक्षरं हो!” एका विश्वस्तांनी त्यांचा हात हातात घेतला. “एक शब्द कुठं चुकला नाही.”

“माझी साधी वाक्यं तुमच्या पट्टीत काय शोभून दिसली!” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते. पट्टीवाल्यांना त्यांचा राग यायला हवा होता, पण रागवायला तोंडच नव्हतं. त्या निदान हातांकडे बघून लिहायला बसल्या होत्या.

कुणी पाठ थोपटत होतं, कुणी कार्ड मागत होतं. प्रत्येक शाबासकीसरशी त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मग ताई आली. तिनं त्यांचा गाल थोपटला, आणि अंगठा न् बोट जुळवून ‘छान’ अशी खूण केली. एवढी खूण त्यांना येत होती. ती त्यांची समजूत काढतेय हे न कळण्याइतके ते आंधळे नव्हते. त्यांनी खाली बघितलं आणि बुटाची नाडी उगीच सोडून पुन्हा बांधली.

ताईला बायकांनी गराडा घातला. पट्टीवाले भिंतीला टेकून उभे राहिले. शिवणाचं स्वतःचं दुकान असलेली ताईची एक जुनी विद्यार्थिनी दोन मैत्रिणींना घेऊन त्यांच्याकडे आली. त्यांच्याकडे बोट करून तिनं मैत्रिणींना काही दाखवलं. उजव्या हातानं स्वतःचं डावं मनगट घट्ट धरलं. मैत्रिणींचे चेहरे उजळले. ‘अच्छा, ते हे होय!’ असे. त्या दोघींनीही मनगटं धरून दाखवली.

पट्टीवाल्यांनी लगेच घड्याळ पुढे केलं.

दुकानवाली हसली. तिनं फोन काढला, भराभर टाइप केलं आणि त्यांच्यासमोर धरला. ‘वेळ नाही विचारली. हे तुमचं नाव आहे.’

“माझं?” त्यांनी तोंडानंच विचारलं.

‘आमच्यात प्रत्येकाला एक खूण असते. नाव म्हणून. मोठ्या बाईंची कपाळावरची बट. माझी ही खळी. तुमची खूण मनगट. ताईंनी दिलीय. फार जुनी आहे, शाळेत सगळ्यांना माहितीये.’

त्यांनी फोन घेऊन एका बोटानं टाइप केलं. ‘अशी का?’

तिनं खांदे उडवले. ‘त्यांनाच विचारा. आम्हाला वाटायचं तुम्ही मनगटाला काही बांधत असाल.’ मग थोडं थांबून पुढे लिहिलं, ‘फिल्ममध्ये तुमच्याबद्दल त्या खूप बोलल्या होत्या. काय ते बघायचं होतं. पट्टी आली. पट्टी नसलेली मिळेल का? आम्हा सगळ्यांना हवी आहे.’

तिच्या लिहिण्यात तक्रार नव्हती. दुकानात हवा तो दोरा मागावा, तसं मागितलं होतं. पट्टीवाल्यांनी मान हलवली. मनगटाचं मात्र त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती.

घरी परतताना बायको दोनदा ‘काय झालं’ म्हणाली आणि ते दोनदा ‘काही नाही’ म्हणाले. ते मनानं कुठल्या कुठे, जुन्या घरातल्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसले होते. ताई लहान असताना तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आईला बजावलं होतं की हिला हात वापरू देऊ नका, हात बंद झाले की तोंड आपोआप उघडेल. आई बिचारी मन लावून ते पाळायची. पाहुणे आले की दोघा भावंडांना एका बाकावर बसवायची, आणि धाकट्याचं काम असायचं ताईची मनगटं धरून बसायचं. नीट धरली तर पाहुण्यांच्या बशीतलं एक बिस्कीट मिळे. ताई हिसडा मारायची, तो आणखी आवळायचा. त्याला तो खेळ वाटायचा आणि बिस्कीट तर खरंच मिळायचं. पाहुणे गेले की ताईच्या मनगटांवर लाल वळ उठलेले असत. तोंड काही उघडलं नाही. पुढे ती वसतिगृहात गेली आणि तिथल्या मुलींकडून हातांनी बोलायला शिकली. घरी परत आली तेव्हा तिला सांगण्यासारखं खूप होतं, आणि घरात समजणारं कुणी नव्हतं.

सगळी शाळा इतकी वर्षं त्यांना त्या नावानं ओळखत होती. आणि ते निरोपाच्या दिवशी एचडीमध्ये तेच करून आले होते, सोनेरी कड लावून.  वाटेत ओळखीचं कुणी दिसलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

सकाळी ते स्टुडिओत गेले तेव्हा एडिटर आलेली होती.

“कालचा प्रोजेक्ट उघड,” ते म्हणाले. “सगळ्या पट्ट्या काढ.”

“सगळ्या? का, काय झालं काका?”

“हातांवर येत होत्या.” ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. “तू म्हणाली होतीस.”

एडिटरनं माउस हातात घेतला. “मी नीट म्हणाले नव्हते,” ती म्हणाली.

पडद्यावर पट्ट्यांच्या थरापुढे डोळ्याचं एक छोटं चित्र होतं. तिनं त्यावर टिचकी मारली आणि सगळ्या पट्ट्या नाहीशा झाल्या. ताई मांडीपासून वर अख्खी दिसायला लागली. एडिटरनं ती शेवटची मुलाखत सुरू केली.

बोटांची पेरं स्पष्ट दिसत होती. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं तर्जनीचं टोक, अंगठ्यावरची कात्रीची जुनी खूण, मनगटाच्या शिरा. ते हात झरझर चालले होते आणि पट्टीवाले सगळं बघत होते. इतकं स्वच्छ चित्र, आणि त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ‘आई’ कळलं. ‘घर’ कळल्यासारखं वाटलं. मग ताईनं उजव्या हातानं डावं मनगट धरलं.

“मी,” ते म्हणाले.

“काय?”

“ते माझं नाव आहे.”

ताईनं पुढे काही सांगितलं आणि पुन्हा मनगट धरलं. मग पुन्हा. एकदा हसत, एकदा भुवया आवळून. ती त्यांच्याबद्दलच बोलत होती, आणि ज्याचं मोठ्या बाईंनी एक गुळगुळीत वाक्य केलं होतं ते चांगलं लांबलचक होतं.

“काय म्हणतायत?” एडिटरनं विचारलं.

“मला येत नाही.”

“पण तुमची तर सख्खी...” ती मध्येच थांबली.

“हो,” पट्टीवाले म्हणाले. “सख्खी.”

त्यांना उठून बाहेर जावंसं वाटलं. पण काम होतं. त्यांनी एडिटरला चित्र थोडं लहान करून वर सरकवायला सांगितलं, म्हणजे हात पूर्ण मोकळे राहतील आणि शब्दांना खाली वेगळी काळी जागा मिळेल. ती जागा तयार झाली. त्यांनी टाइप करायला बोटं ठेवली आणि ती तशीच राहिली. मोठ्या बाईंची वाक्यं आता तिथे घालायला मन धजत नव्हतं. भक्कम आधार तर नाहीच. ती आपल्याबद्दल नेमकं काय म्हणालीय हे माहीत असल्याशिवाय ही फिल्म त्या दुकानवालीच्या हातात कुठल्या तोंडानं द्यायची? आणि माहीत करून घ्यायचं तर विचारायला जावं लागणार होतं. त्यांनी खालची जागा रिकामीच ठेवून फिल्म एक्स्पोर्ट केली आणि लॅपटॉप पिशवीत घातला.

ताईची खोली शाळेच्या मागच्या गल्लीत होती. बटण दाबलं की आत घंटीऐवजी दिवा लुकलुकायचा. तिनं दार उघडलं आणि घड्याळाकडे बघून डोळे मोठे केले. कामाच्या दिवशी, भरदुपारी, न कळवता भाऊ कधी आला नव्हता. आत शिवणयंत्रावर अर्धवट फ्रॉक होता, टेबलावर कालचा गुच्छ पाण्यात ठेवलेला होता. तिनं चहाचं आधण ठेवायला वळायच्या आत पट्टीवाल्यांनी लॅपटॉप उघडला.

पट्टी नसलेली फिल्म बघताना ताईचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. मुलींचे हात दिसायला लागले तशी ती खुर्चीच्या कडेला आली. ती हसत होती, मान डोलवत होती, एकदा तर पडद्यावरच्या मुलीला तिनं हातानं उलट उत्तरही दिलं. पट्टीवाले बाजूला बसून तिच्याकडेच बघत होते. स्वतःची मुलाखत आली तशी ती जरा अवघडली. पहिलं मनगट आलं आणि त्यांनी फिल्म थांबवली.

फोनवर त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. ‘इथं माझ्याबद्दल काय म्हणालीस? खरं लिही.’

ताईनं वाचलं. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी आपलं डावं मनगट उजव्या हातात धरून दाखवलं आणि त्यांचा चेहराच रडवेला झाला. ताई तशीच बघत राहिली. रागावली की काय ते त्यांना कळेना. मग तिनं फोन त्यांच्या हातातून घेतला, पालथा करून शिवणयंत्रावर ठेवला आणि त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसली.

ती हातांनी सांगायला लागली. आई आली, बाक आलं असावं, आणि मग त्यांचं नाव आलं. त्याच्या पुढे बरंच काही होतं. ती भरभर बोलत होती. एका जागी तिचे ओठ घट्ट मिटले, एका जागी ती खुदकन हसली, मग हवेत बोट फिरवून तिनं काहीतरी लांबवर नेलं आणि परत आणलं. पुन्हा त्यांचं नाव. पट्टीवाल्यांची मान डोलत होती. ताईपुढे त्यांची मान नेहमीच डोलायची. ती काहीही सांगो, ते मान डोलवत, चहा संपवत आणि निघत, आणि ताईही इतक्या वर्षांत त्यावर कधी काही बोलली नव्हती.

तिचं सांगून झालं. हात मांडीवर ठेवून तिनं भुवया उंचावल्या, हनुवटी किंचित पुढे केली. कळलं?

ही खूण त्यांना लहानपणापासून येत होती. मान आपसूक खाली जायला लागली. ती त्यांनी अर्ध्यावर धरली. डोळे वर करायची लाज वाटत होती, तरी ते तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी मान हलवली. नाही. काहीच कळलं नाही.

 ताईनं उठून खिडकीचा पडदा पूर्ण बाजूला सारला, खुर्ची उजेडाकडे वळवली, आणि पहिल्यापासून, एकेक खूण सुटी करत, पुन्हा सांगायला सुरुवात केली.